‘विद्युत् विच्छेद्य’ आणि स्पंज : जेलमधल्या आयनांविषयी दोन तक्रारी

नाशकात मराठी शब्दांवर टीका करायची म्हणजे जपून बोलायला हवं. कुसुमाग्रजांचं गाव आहे. पण आज विषय पॉलिमर जेलमधल्या आयनांचा, आणि अडचण शब्दापासूनच सुरू होते.

मराठी विश्वकोशात इलेक्ट्रोलाइटला ‘विद्युत् विच्छेद्य’ म्हटलंय. म्हणजे विजेनं जे फुटतं ते. फॅरडेनं १८३४ मध्ये मूळ शब्द रूढ केला तेव्हा समजूत तीच होती. पुढे अऱ्हेनियसनं सांगितलं की क्षार विरघळतानाच फुटतो; वीज फक्त तयार आयनांना हाकते. शब्द मात्र जुन्या समजुतीवरच राहिला.

त्याहून मोठा घोटाळा ‘स्पंज’च्या उपमेनं होतो. जेल म्हणजे द्रव शोषलेला स्पंज, असं वर्गात सांगतात. मीही सांगायचो. निम्मं खरं आहे. पीव्हीडीएफच्या जाळीत कार्बोनेट द्रव भरला, तर आयन मुख्यतः द्रवातूनच जातात. नेहमीच्या तापमानाला वाहकता सेंटीमीटरला एक हजारांश सीमेन्सच्या आसपास पोचते. पण पॉलिएथिलीन ऑक्साइडचं तसं नाही. त्याच्या साखळीतले ऑक्सिजन लिथियमला धरून ठेवतात. साखळी वळवळली की लिथियम या ऑक्सिजनवरून त्या ऑक्सिजनवर. रामकुंडावरच्या गर्दीत कळशी हातोहात पुढे जाते ना, तसं. हात थिजले की कळशी थांबली! द्रव न घालता हे पॉलिमर वापरलं तर त्याचा बराच भाग स्फटिकरूप राहतो आणि वाहकता हजार पटींनी, कधी त्याहूनही खाली येते. साठ-पासष्ट अंशांवर स्फटिक वितळले की सुधारते. पॅरिसमध्ये २०११ साली आलेल्या ऑटोलिब गाड्यांची बॅटरी म्हणूनच गरम ठेवावी लागे. स्पंजच्या उपमेत यातलं काहीच बसत नाही.

आता शोधनिबंध. वाहकतेचा एक आकडा ठळक छापायचा आणि मोकळं व्हायचं, हे फार दिसतं. तो आकडा धन आणि ऋण दोन्ही आयनांचा मिळून असतो. लिथियम बॅटरीला कामाचा लिथियम. तो द्रावकाचे रेणू अंगावर घेऊन चालतो, म्हणून मागे पडतो. बऱ्याच जेलमध्ये त्याचा वाटा निम्म्याहून कमी. उरलेला प्रवाह ऋण आयनांचा, आणि ते एका टोकाला साचत जातात. बॅटरी झटपट चार्ज करायला गेलं की हेच आडवं येतं. वाटा मोजायची ब्रूस-व्हिन्सेंट पद्धत १९८७ पासून हाताशी आहे. ती काटेकोरपणे विरल, आदर्श द्रावणालाच लागू पडते, हे मान्य. पण मग तसं लिहून कच्चा आकडा तरी द्या की! नाहीतर त्या एक हजारांशातले लिथियमचे किती, हे वाचणाऱ्यानं ओळखायचं कसं?