‘रूट्स’: पेरलं तेच उगवलं

अ‍ॅलेक्स हेलींचं ‘रूट्स’ (१९७६) वाचून आफ्रिकी वंशाचे कितीतरी अमेरिकी लोक आपली मुळं शोधत गांबियातल्या जुफुरे गावी गेले. पूर्वज कुंटा किंटेची हकिकत हेलींना तिथल्याच एका वृद्धाने सांगितली होती. पण इतिहासकार डोनाल्ड राइट यांनी १९८१ मध्ये दाखवून दिलं, की हेलींची कौटुंबिक कथा गांबियात आधीच पोचली होती, आणि ती त्यांनी स्वतःच सांगितली होती! प्रयोगशाळेत आपण असा नमुना दूषित म्हणून टाकून देतो. पुरावा म्हणून पुस्तक इथे टिकत नाही. मात्र गुलामगिरीने ज्यांचं गावच पुसून टाकलं, त्यांची ओढ त्यामुळे खोटी ठरत नाही. मुलाखतीला जाताना एवढंच तपासा: उत्तर आपण प्रश्नातच देत नाही ना?