नाममुद्रा आणि नाणे : हनी सिंग ह्यांच्या रॅपविषयी

मुनिरका हे दक्षिण दिल्लीतले गाव. गाव म्हणावयाचे ते केवळ सवयीने. कारण त्याची शेते केव्हाच वसाहतींच्या आणि रस्त्यांच्या पोटात गेली. उरली ती लाल डोऱ्याच्या आतली दाट वस्ती, एकमेकांना टेकून उभी राहिलेली पाच-पाच मजल्यांची घरे, आणि त्यांच्या मधून वाहणाऱ्या अरुंद गल्ल्या. घरे बहुधा मूळच्या जाट कुटुंबांची; भाडेकरू बिहारपासून मणिपुरापर्यंतचे. पलीकडे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ असल्यामुळे विद्यार्थ्यांचा राबता अखंड. अशा ठिकाणी राहणाऱ्या मराठी माणसाच्या कानांवर दिवसभर जे पडते त्यात पंजाबी ठेक्यावरच्या रॅपचा वाटा मोठा आहे. लग्नाची वरात असो, व्यायामशाळा असो की रात्री गल्लीच्या तोंडाशी थांबलेली मोटार असो, आवाज तोच आणि आरंभीची घोषणाही तीच : ‘यो यो हनी सिंग’.

ह्या आवाजाविषयी आमच्या मासिकाने लिहावे काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. आमचे उत्तर असे की, जे लाखोंच्या ओठी आहे त्याची परीक्षा करण्याचे टाळणे ही अभिरुचीची खूण नसून आळसाची खूण आहे. शिवाय ह्या गृहस्थांविषयीचा वाद आता दीड दशकाचा झाला तरी मिटत नाही. एक पक्ष म्हणतो, हिंदुस्थानात रॅप घरोघर नेला तो ह्यांनीच. यशच त्याची साक्ष देते. दुसरा पक्ष म्हणतो, हे रॅपर नव्हेतच, हे बाजाराचे कारागीर; त्यांचे यश हाच त्यांच्याविरुद्धचा पुरावा. आमच्या मते दोन्ही पक्ष तीन वेगवेगळे प्रश्न एकाच गाठोड्यात बांधतात : रचना कशी आहे, ती काय बोलते, आणि ती किती खपली. गाठोडे सोडल्याशिवाय निवाडा होणे नाही.

प्रथम थोडा इतिहास. हृदेश सिंग ऊर्फ हनी सिंग ह्यांचा जन्म १९८३ चा, पंजाबातील होशियारपूरचा. परंतु वाढले ते पश्चिम दिल्लीत. आरंभ संगीत-संयोजक म्हणून, पंजाबी गायकांच्या पाठीशी. २०११ साली ‘इंटरनॅशनल व्हिलेजर’ हा संग्रह आला, २०१२ च्या ‘कॉकटेल’ चित्रपटात ‘अंग्रेजी बीट’ आले, २०१३ च्या ‘चेन्नई एक्सप्रेस’मध्ये ‘लुंगी डान्स’ आले, आणि हिंदी चित्रपटाला त्यांच्यावाचून चैन पडेनासे झाले. ते पहिले मात्र नव्हेत. लखनऊच्या बाबा सेहगल ह्यांचा ‘ठंडा ठंडा पानी’ १९९२ चा. तोही विक्रमी खपला आणि पुढे काही काळ हसण्यावारी गेला. अमेरिकेत राहून पंजाबीत रॅप रचणाऱ्या बोहेमियांचे कामही हनी सिंग ह्यांच्या आधीचे. तेव्हा ‘जनक’ ही पदवी त्यांना देता येणार नाही. जी देता येईल ती वेगळी आहे, आणि ती काही लहान नाही.

रॅप हा प्रकार मराठी माणसाला वाटतो तितका परका नाही. अमृतरायांचे कटाव ज्यांनी ऐकले आहेत त्यांना ठाऊक आहे की, अनुप्रासांची साखळी एका श्वासात, ठेक्यावर सोडीत जाण्याचे सुख आपल्या भाषेने कधीच चाखले आहे. पोवाड्यातही गाणे आणि बोलणे ह्यांची सीमा शाहीर वारंवार ओलांडतो. ह्या प्रकारात शब्दाचे दोन धर्म असतात : एक नादाचा, दुसरा अर्थाचा. उत्तम रचनेत दोन्ही एकमेकांना ओढून नेतात. हनी सिंग ह्यांच्या रचनेत नादाचा धर्म फार चोख पाळला जातो. कोठे ठेका थांबवावा, कोठे एक शब्द मोकळा ठेवून श्रोत्याला तो पुरा करू द्यावा, पंजाबी उच्चाराचा जोर कोणत्या मात्रेवर पाडावा, ह्याची त्यांची जाण पक्की आहे. मुनिरक्यातल्या मणिपुरी मुलाला पंजाबी येत नाही आणि त्याच्या जाट घरमालकाला मणिपुरी येत नाही. पण एकाच ठेक्यावर दोघांची मान हलते. हे काम सामान्य माणसाचे नव्हे. संयोजक म्हणून त्यांनी हिंदी चित्रपटगीताचा घाटच बदलला : गाण्याच्या मध्ये रॅपचे एक कडवे असणे हा जो परिपाठ पडला, त्यात त्यांचा वाटा सर्वांत मोठा आहे.

त्या संग्रहाचे नावही आम्हांला अर्थपूर्ण वाटते. ‘आंतरराष्ट्रीय खेडूत’ : दिल्लीच्या पोटातल्या गावांचे ह्याहून नेमके वर्णन कोणी केले असेल असे वाटत नाही. शेती गेली, भाडे आले. बैल गेले, मोटार आली. बोली तीच राहिली आणि कपडे परदेशी झाले. ह्या माणसाचा दिमाख, त्याची घाई, त्याचे बुजरेपण हा मोठा विषय होता. हनी सिंग ह्यांनी त्यातला दिमाख तेवढा उचलला. घाई आणि बुजरेपण तसेच सोडून दिले. कवी म्हणून त्यांचे उणेपण येथे सुरू होते.

आता नाममुद्रेचा विचार करू. आपल्याकडे अभंगात संतांचे नाव येते, लावणीत शाहिराचे नाव येते. पण ते येते शेवटी. आधी जे सांगावयाचे ते सांगून होते, आणि मग ‘हे मी म्हटले, ह्याची जबाबदारी माझी’ अशा अर्थाने नाव उमटते. हनी सिंग ह्यांचे नाव येते आरंभी, एक शब्दही बोलण्यापूर्वी. शेवटी येणारे नाव ही सही असते. आरंभी येणारे नाव हा मालावरचा छाप असतो. ही प्रथा त्यांनी निर्माण केली असे नाही, साऱ्या जगातल्या रॅपमध्ये ती आढळते. परंतु त्यांच्या बाबतीत तिला विशेष अर्थ आला. त्यांच्या आरंभीच्या ‘माफिया मुंडीर’ ह्या मंडळीत बादशाह, रफ्तार, इक्का अशी पुढे स्वतंत्रपणे नावारूपाला आलेली माणसे होती. मंडळी फुटली आणि कोणते गीत कोणी रचले ह्याविषयी जाहीर वाद झाले. त्या वादाचा निकाल लावणे आमचे काम नव्हे. पण वादाला एवढी धार का यावी, हे समजून घेतले पाहिजे. चित्रपटगीताचे शब्द दुसऱ्याने लिहिले तर कोणी गायकाला दोष देत नाही. रॅपर मात्र ‘हे माझे जिणे, हे माझे शब्द’ अशा हक्काने उभा असतो. त्या हक्कावरच प्रश्न आला की छाप उरतो आणि सही नाहीशी होते.

ह्यापुढचा भाग लिहिताना लेखणी जड होते. १६ डिसेंबर २०१२ च्या रात्री एक तरुणी आणि तिचा मित्र ज्या बसमध्ये चढले, ते मुनिरक्याच्या थांब्यावर. पुढे जे घडले ते सर्वांना ठाऊक आहे. २९ डिसेंबरला सिंगापूरच्या रुग्णालयात ती गेली. त्याच दिवसांत गुडगावच्या एका हॉटेलात वर्षअखेरीच्या रात्री हनी सिंग ह्यांचा कार्यक्रम ठरला होता. त्यांच्या नावावर फिरणाऱ्या, स्त्रीवरील अत्याचाराचा दिमाख मिरवणाऱ्या एका पदावरून लोक संतापले, सह्यांची मोहीम झाली, कार्यक्रम रद्द झाला, लखनऊला पोलिसांत तक्रार नोंदली गेली. ते पद आपले नव्हेच, असे हनी सिंग ह्यांनी सांगितले. हे त्यांचे म्हणणे नोंदवूनच पुढे गेले पाहिजे, आणि आमचा पुढचा विचार आम्ही त्या पदावर मुळीच उभारीत नाही.

त्या संतापात न्याय होता, तसा थोडा सोयीस्करपणाही होता. ज्या शहराने डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात ह्याच गाण्यांवर वराती नाचविल्या, त्याच शहराने दुसऱ्या पंधरवड्यात गायकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. एका गाण्याने गुन्हा घडत नाही. ती बस रात्री रस्त्यावर कशी होती, पोलिसांची नजर कोठे होती, हे प्रश्न अधिक जवळचे होते. बंदीच्या मागणीलाही आम्ही साथ देणार नाही. मराठी वाङ्मयाला ह्या बाबतीत पुरेसा अनुभव आहे. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’वर अश्लीलतेचा खटला झाला आणि ते सुटले. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ १९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकात आली. तिचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ साली ती निर्दोष ठरली. न्यायालयाचा प्रश्न असतो : ह्याने वाचक बिघडेल काय? समीक्षेचा प्रश्न निराळा आहे : ह्यात माणूस दिसतो काय?

ह्या दुसऱ्या प्रश्नापुढे हनी सिंग टिकत नाहीत. त्यांच्या गाजलेल्या गीतांची नुसती नावे पाहावीत : ‘ब्राऊन रंग’, ‘हाय हील्स’, ‘ब्लू आइज’. वर्ण, टाचा, डोळे. जणू दुकानातल्या मालाची यादी. शृंगाराला आमचा विरोध नाही. मराठी वाचकाला शृंगाराचे वावडे असते तर लावणी जगलीच नसती. परंतु लावणीतली स्त्री बोलते. ती बोलावते, रुसते, टोमणा मारते, ‘नाही’ म्हणते. ती लावणी बहुतांशी पुरुषांनी रचली आणि ती नाचणाऱ्या स्त्रीचे जिणे सुखाचे नव्हते, हे आम्ही विसरत नाही. तरी शाहिराला तिच्या तोंडी शब्द घालण्यासाठी क्षणभर का होईना, तिच्या जागी उभे राहावे लागले. हनी सिंग ह्यांच्या बहुतेक गीतांत स्त्री ही केवळ संबोधन आहे. काही चित्रपटगीतांत गायिकेचा आवाज येतो, पण तो बहुधा उत्तराचा नसून साथीचा असतो. समोरचे माणूस उत्तर देऊ शकते ही कल्पनाच जेथे नाही, तेथे अश्लील शब्द एकही नसला तरी काव्य दरिद्री राहते. आमचा आक्षेप हा आहे. आणि तो पोलिसांकडे नेण्यासारखा नसला तरी लहान नाही.

२०१४ नंतर ते जवळजवळ दिसेनासे झाले. २०१६ साली त्यांनी आपल्या मानसिक आजाराविषयी जाहीरपणे सांगितले. बढाई हाच ज्या धंद्याचा शिष्टाचार, त्या धंद्यातल्या माणसाने ‘मला भीती वाटत होती’ असे म्हणावे, ह्याला धैर्य लागते. २०१८ साली ते परतले. ‘मखना’ ह्या गीतावरून पंजाबच्या महिला आयोगाने पुन्हा आक्षेप घेतला. २०२४ साली ‘ग्लोरी’ हा संग्रह आणि वर्षअखेरीस त्यांच्यावरचा माहितीपट आला. २०२५ साली गावोगावी मोठे जलसे झाले. परतलेल्या माणसाचे स्वागत लोकांनी प्रेमाने केले, आणि त्या प्रेमाला आम्ही नावे ठेवणार नाही. खंत एवढीच की, मुलाखतीत जो माणूस भेटतो तो गाण्यात भेटत नाही. ‘ग्लोरी’तले सर्वांत गाजलेले गीत ‘मिलियनेअर’. इतक्या काळोखातून आलेल्या माणसाजवळ सांगण्यासारखे पुष्कळ होते. त्याने संपत्तीची बढाई मारणे पसंत केले.

मधल्या काळात रॅप पुढे गेला होता. मुंबईत डिव्हाइन आणि नेझी ह्यांनी २०१५ साली ‘मेरे गली में’ने गल्ली बोलती केली. दिल्लीत टिळकनगरच्या प्रभ दीप ह्यांचा ‘क्लास-सिख’ २०१७ साली आला; ‘सीधे मौत’ ही जोडी उदयास आली. मुनिरक्याच्या शेजारच्या विद्यापीठात शिकलेल्या सुमीत सामोस ह्यांनी जातीचे दुःख रॅपमध्ये आणले. ह्यांना ‘खरे’ आणि हनी सिंग ह्यांना ‘विकाऊ’ म्हणण्याची प्रथा पडली आहे. ही वाटणी आम्हांला मान्य नाही. पठ्ठे बापूरावांचा तमाशाही तिकिटावर चालत असे. ते १९४५ साली विपन्नावस्थेत गेले. अण्णा भाऊ साठे १९६९ साली हलाखीतच गेले. पण त्यांची थोरवी त्या दारिद्र्यामुळे नव्हे. दारिद्र्य हे प्रतिभेचे प्रमाणपत्र नाही आणि पैसा हा प्रतिभेवरचा कलंक नाही. उलट, रॅप खपतो हे कंपन्यांना ज्यांच्यामुळे कळले त्यांत हनी सिंग अग्रभागी होते. नंतरच्यांना दार थोडे उघडे मिळाले त्याचे काही श्रेय त्यांना आहे. त्याच दाराची चौकट अरुंद करून ठेवल्याचा दोषही त्यांच्याकडे जातो. कारण मोटार, मद्य आणि मुलगी एवढ्यातच रॅप मावतो अशी समजूत त्यांच्या यशाने दृढ केली.

तेव्हा आमचा निवाडा असा. नादाचे रचनाकार म्हणून हनी सिंग ह्यांचे स्थान पक्के आहे आणि ते नाकारणे हा केवळ आकस होय. कवी म्हणून ते सामान्य आहेत, आणि खपाचा कोणताही आकडा हे बदलणार नाही. नागरिक म्हणून ते आपल्या शब्दांना उत्तरदायी आहेत. तितकेच उत्तरदायी त्या शब्दांवर नाचणारे आपण सर्व आहोत. ह्या तीन गोष्टी वेगळ्या ठेवल्या तर त्यांचे चाहते आणि विरोधक ह्यांना एकमेकांचे ऐकून घेता येईल.

मुनिरक्याच्या बसथांब्यावरून आम्ही नेहमी जातो. संध्याकाळी तेथे मुली कामावरून परततात; कानांत गाणे असते, पुष्कळदा ह्याच माणसाचे. ते ऐकण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे आणि त्यातल्या ठेक्याचा आनंदही खरा आहे. पण ज्या गीतात त्यांना बोलावयास एक ओळही ठेवलेली नाही, त्या गीताहून चांगले गीत त्यांना मिळावे, असे म्हणण्याचा अधिकार आम्हांलाही आहे. तो आम्ही येथे बजावला आहे.