चौकटीतला आकडा नेमका कधी लिहिला जातो?

मंडळी, आज आपण समीक्षेसाठी जागा घेतलीय ती अगदी लहान: तक्त्यातली एक चौकट, म्हणजे सेल. उदाहरण जावाच्या स्विंगमधल्या जे-टेबलचं. १९९८च्या जावा १.२ पासून तो सोबतच मिळतो.

त्याची रचना आपल्याला आवडते, हे आधी सांगू. माहिती मॉडेलकडे, दाखवण्याचं काम रेंडररकडे, बदल घेण्याचं एडिटरकडे. कामाची वाटणी स्वच्छ आहे. पण अडचणही या वाटणीतच आहे. वहीत आकडा खोडून नवा लिहिला की तो लिहिला गेला. इथे तसं नाही. सेलमध्ये टाइप करत असताना नवा आकडा एडिटरकडे असतो, जुना मॉडेलकडे. एंटर किंवा टॅब दाबल्यावर नवा आत जातो.

आता बघा, दुकानदाराने साठ्याच्या तक्त्यात ४०चे ४५ केले आणि एंटर न दाबता माउसने थेट ‘सेव्ह’ बटण दाबलं. पडद्यावर ४५ दिसतात, फाइलमध्ये ४० जातात. चुकीचा संदेश नाही, काही नाही. आमचा आक्षेप आहे तो या गप्प बसण्यावर.

यावर उपाय आहे: ‘टर्मिनेट एडिट ऑन फोकस लॉस्ट’ हा गुणधर्म. पण तो मुळात बंद असतो, आणि त्यासाठी वेगळी मेथडही नाही. नाव अक्षरशः लिहून द्यावं लागतं. तो चालू केला तरी प्रश्न संपत नाही. अंकांच्या रकान्यात कुणी अक्षरं टाइप केली, तर एंटरवर लाल कडा दिसते आणि माणूस थांबतो. तेच फोकस टेबलाबाहेर गेला तर टेबल आधी बदल स्वीकारायचा प्रयत्न करतो, नाही जमलं तर तो चक्क रद्द करतो. पुन्हा गुपचूप!

क्यूटी इथे बरी वागते. तिचा नेहमीचा डेलिगेट फोकस गेला की बदल आपणहून मॉडेलला देतो. पण कंट्रोल-एस दाबलं तर फोकस हलतच नाही. मग दोन्हीकडे तीच गत.

म्हणून आमचं म्हणणं असं, की फोकसच्या भरवशावर राहूच नये. सेव्हच्या आज्ञेनेच आधी टेबलाला विचारावं: कुठे संपादन चालू आहे का? असेल तर जे-टेबलमध्ये ‘स्टॉप सेल एडिटिंग’ बोलवावं. उत्तर ‘नाही’ आलं तर सेव्ह थांबवावं, कर्सर त्याच सेलमध्ये ठेवावा आणि काय चुकलं ते सांगावं. रद्द करायचं असेल तर एस्केप आहेच. ती कळ माणसाने दाबायची, प्रोग्रॅमने नाही.

चारपाच ओळींचंच काम आहे हे. पण पडद्यावर दिसतं तेच फाइलमध्ये गेलं, एवढी खात्री ज्या तक्त्याला देता येत नाही, त्याच्यावर कुणी हिशोब कसा सोपवायचा?