अत्र्यांचे मृत्युलेख

फराळाच्या ताटाशेजारी मृत्युलेखांचा विषय मांडला म्हणून घरातील वडीलधारी मंडळी रागावतील. पण आमचा डिलाईल रोडच आता ना. म. जोशी मार्ग झाला आहे; १९५५ साली निवर्तलेल्या कामगारपुढाऱ्याचे नाव आम्ही रोज पत्त्यात लिहितो. तेव्हा वाचकांनी राग मानू नये.

मृत्युलेखाला मराठीत वाङ्मयाची प्रतिष्ठा दिली ती आचार्य अत्र्यांनी. त्यांचा 'मराठा' १५ नोव्हेंबर १९५६ रोजी निघाला आणि तीनच आठवड्यांनी, ६ डिसेंबरला, बाबासाहेब आंबेडकर गेले. दादरच्या चौपाटीवर अत्रे बोलले, मग लिहीत राहिले. ते लेख मोठ्याने वाचून पाहावेत. वाक्यावाक्यात सभेचा श्वास लागतो.

पण खरी कसोटी नेहरूंची. संयुक्त महाराष्ट्रासाठी अत्र्यांनी नेहरूंवर जे आसूड ओढले, त्यांची आठवण जुनी माणसे अजून काढतात. १९५७ च्या नोव्हेंबरात नेहरू प्रतापगडावर आले, तेव्हा समितीने काळी निशाणे दाखविली. आणि २७ मे १९६४ नंतर त्याच लेखणीने 'सूर्यास्त' लिहिला! काहींना हा ढोंगीपणा वाटतो. मला नाही वाटत. जो जिवंतपणी तोंडावर भांडला, त्याच्या रडण्यावर मी विश्वास ठेवतो. माझी तक्रार निराळी आहे. अत्र्यांच्या हाताशी नेहमी दहा हजार वर्षांचा हिशेब तयार असे. प्रत्येक जण सूर्य किंवा हिमालय झाला, की त्यातला माणूस दिसेनासा होतो.

१३ जून १९६९ रोजी अत्रे गेले. पस्तीस दिवसांनी, १८ जुलैला, अण्णा भाऊ साठे गेले. २९ ऑगस्टला शाहीर अमर शेख अपघातात गेले. संयुक्त महाराष्ट्राचे तीन बुलंद आवाज सत्त्याहत्तर दिवसांत थांबले, आणि मागच्या दोघांवर लिहायला अत्रे नव्हते. वाटेगावाहून पायी मुंबईला आलेला, गिरणीत राबलेला, 'फकिरा'चा कर्ता! त्याच्यावर अत्र्यांनी काय लिहिले असते, हा विचार मनातून जात नाही.

परवा वर्गात मुलांना अण्णा भाऊंवर मृत्युलेख लिहायला सांगितला. एकीने सुरुवात केली ती त्यांच्या पायांपासून: एवढे चालून ते किती दुखले असतील! हिमालय कोणाच्याच वहीत नव्हता.