शंभर ओहमची जागा

हुबळी-धारवाडात 2008च्या सुमारास आठ वॉर्डांना चोवीस तास पाणी मिळू लागलं. बाकीच्यांचं पाणी काही दिवसांआड, काही तासच. दिवसांआडच्या नळाला आधी हवा येते आणि मीटर तिच्यावरही फिरतो. पाइप सदैव भरलेला असला, तरच मीटरच्या आकड्यावर विसंबता येतं. मग तो आकडा विजेने मोजावा, असंही मनात येतं. त्यासाठी लागणारं सर्किट इतकं छोटं आणि इतकं देखणं आहे की ते सावकाश वाचायला हवं.

पल्स देणाऱ्या मीटरच्या चक्रावर चुंबक असतं. त्याच्याजवळ काचेच्या नळीत दोन बारीक पट्ट्या, म्हणजे रीड स्विच. समजा, दर 10 लिटरला त्या एकदा चिकटतात. वीज आपण पुरवायची: 5 व्होल्टवरून 100 किलोओहमचा पुल-अप रेझिस्टर, स्विचचं दुसरं टोक ग्राउंडला.

पण पट्ट्या भिडताना थरथरतात. मिलिसेकंदाच्या आत उघडमीट होते, काउंटर तीही मोजतो आणि 10 लिटरचे 40 होऊन बसतात. म्हणून 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. स्विच मिटला की तो पटकन रिकामा होतो. भरायचं मात्र 100 किलोओहममधूनच, 10 मिलिसेकंदांच्या संथ चालीने. मधेच पट्ट्या सुटल्या तरी त्याला वर चढायला सवड मिळत नाही. ती संथ चढण 40106 या चिपमधला श्मिट ट्रिगर सांभाळतो: चढताना साधारण 3 व्होल्टला मत बदलायचं, उतरताना 2च्या आसपास. ऑटो श्मिट यांना ही युक्ती सुचली ती स्क्विडच्या मज्जातंतूंचा अभ्यास करताना!

मला सगळ्यात भावतो तो स्विच आणि कपॅसिटर यांच्यामधला 100 ओहम. नवशिका तो हमखास गाळतो. तो नसेल तर कपॅसिटरचा सगळा साठा एकदम पट्ट्यांमधून वाहतो, टोकं जळतात, कधी चिकटूनच बसतात. तो असला की करंट 50 मिलिअँपिअरच्या वर जात नाही, आणि रिकामं व्हायला लागतात फक्त काही डझन मायक्रोसेकंद. एवढ्याशा रेझिस्टरने स्विचचं आयुष्य राखलं, चपळाईही राखली.

10 मिलिसेकंदांचा हा संथपणा परवडतो तो पाण्यामुळे. मिनिटाला 25 लिटर वाहिलं तरी दोन पल्सांमध्ये 24 सेकंद असतात. आणि नळ बंद होऊन चुंबक नेमकं पट्ट्यांपाशीच थांबलं तर? स्विच रात्रभर मिटलेला राहील. काउंटर उतरती कडाच मोजतो, त्यामुळे आकडा हलणार नाही, आणि पुल-अपमधून खर्च होईल जेमतेम 0.05 मिलिअँपिअर.