मुका झालेला गजर : एका चौकशी-अहवालाचे परीक्षण

१४ ऑगस्ट २००३ रोजी दुपारी चारनंतर अमेरिकेतील आठ राज्यांच्या मोठ्या भागाचा आणि कॅनडातील ओंटारिओ प्रांताचा वीजपुरवठा काही मिनिटांत कोसळला. सुमारे ५ कोटी लोक अंधारात गेले आणि ६१,८०० मेगावॅटचा भार तुटला. दोन्ही देशांनी नेमलेल्या संयुक्त चौकशी दलाने एप्रिल २००४ मध्ये अंतिम अहवाल सादर केला. दोनशेहून अधिक पानांचा हा अहवाल विजेविषयीचा म्हणून ओळखला जातो. आम्हाला तो संगणकाविषयीचा वाटतो आणि त्याच बाजूने आम्ही तो येथे तपासणार आहोत.

आधी थोडी ओळख करून घेऊ. संगणकात एखादी आज्ञावली प्रत्यक्ष चालू असते तेव्हा त्या चालू कामाला 'प्रोसेस' म्हणतात. एका संगणकात अशा शेकडो प्रोसेस एकाच वेळी नांदतात. बँक, रुग्णालय, वीजमंडळ अशा ठिकाणी महत्त्वाच्या प्रोसेस बंद पडून चालत नाही. म्हणून त्यांच्यावर नजर ठेवणारी आणखी एक आज्ञावली बसवतात. प्रोसेस बंद पडली की ती जबाबदार माणसाला इशारा धाडते. योजना दिसायला सोपी आहे. मात्र 'बंद पडली' म्हणजे नेमके काय, हे ठरवणे तितके सोपे नाही. अहवालाचे खरे मोल आहे ते येथेच.

ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन येथे फर्स्टएनर्जी या वीज कंपनीचा नियंत्रण कक्ष होता. एखादी वाहिनी तुटली किंवा विजेचा दाब घसरला, की गजर वाजवून पडद्यावर सूचना आणणारी एक प्रोसेस तेथील संगणकात सतत चालत असे. दुपारी २ वाजून १४ मिनिटांनी तिने शेवटची खरी सूचना दिली आणि त्यानंतर ती अडकली. 'अडकली' हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरतो आहोत, कारण ती मेली नव्हती. एका सूचनेवर काम करता करता ती अशा अवस्थेत गेली, की काम पुरेही होईना आणि थांबेही ना. नवी माहिती येतच होती. ती रांगेत साचत गेली आणि रांग भरून वाहू लागली. पुढे उत्पादक जीई कंपनीने लाखो ओळींच्या आज्ञा चाळून दोष शोधला, तेव्हा असे दिसले, की दोन प्रोसेसना एकाच माहितीवर एकाच क्षणी लिहिण्याची संधी मिळाली होती. ती माहिती बिघडली आणि गजराची प्रोसेस न संपणाऱ्या फेऱ्यात सापडली.

आता पहारेकरी आज्ञावलीच्या नजरेने पाहा. तिने विचारले असते, "प्रोसेस चालू आहे का?" उत्तर आले असते, "होय." शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको. हजेरीपटावर 'उपस्थित' असलेला प्रत्येक मुलगा गणित सोडवत असतोच असे नाही.

२.२७ वाजता स्टार–साउथ कँटन ही ३४५ किलोव्होल्टची वाहिनी क्षणभर तुटून पुन्हा जोडली गेली. गजर वाजला नाही. २.३२ वाजता शेजारच्या कंपनीने दूरध्वनी करून हे कळवले, पण अ‍ॅक्रनच्या कक्षात त्याची काहीच खूण नव्हती, म्हणून त्याकडे दुर्लक्ष झाले. २.४१ वाजता, म्हणजे गजर मुका झाल्यानंतर २७ मिनिटांनी, मुख्य सर्व्हरच कोसळला. मग मात्र स्वयंचलित संदेश गेला, पण तो संगणक विभागाकडे, आणि मजकूर होता सर्व्हर पडल्याचा. काम राखीव सर्व्हरवर आपोआप गेले. गंमत अशी, की अडकलेली प्रोसेसही तशीच्या तशी, अडकलेल्याच अवस्थेत तिकडे गेली. २.५४ वाजता तोही पडला. संगणक विभागाने मुख्य सर्व्हर ३.०८ वाजता पुन्हा सुरू केला आणि काम झाले असे समजून घेतले. गजर वाजतो आहे का, हे नियंत्रण कक्षाला विचारले गेले नाही.

दरम्यान ३.०५, ३.३२ आणि ३.४१ वाजता एकेक मोठी वाहिनी वाढलेल्या झाडांना टेकून तुटली. एरवी एक ते तीन सेकंदांत बदलणारा पडदा आता ५९ सेकंदांपर्यंत वेळ घेऊ लागला होता. आपला गजर मेलेला आहे हे पाळीवरच्या माणसांना कळायला तासाहून अधिक काळ लागला. तोवर शांतता म्हणजे सुरळीतपणा, असाच अर्थ ते लावत राहिले.

या घटनाक्रमाची मांडणी हे अहवालाचे सर्वांत बळकट अंग आहे. मिनिटामिनिटाची नोंद, कोणाला काय दिसत होते आणि काय दिसत नव्हते याचा वेगळा हिशेब, आणि दूरध्वनीवरील संभाषणांचा आधार यांमुळे तो वाचनीय झाला आहे. सर्व्हर पडल्याच्या संदेशातून गजर मेल्याचे कळण्याची सोय नव्हती, हेही तो स्पष्ट म्हणतो. सरकारी अहवालात इतका नेमकेपणा क्वचित आढळतो.

आमची तक्रार आहे ती निदानानंतरच्या औषधाबद्दल. अहवालाने या भागाला 'परिस्थितीच्या भानाचा अभाव' असे शीर्षक दिले आहे आणि कंपनीकडे कोणत्या कार्यपद्धती नव्हत्या याची यादी केली आहे. साधने चालू आहेत का हे कर्मचाऱ्यांना सतत कळावे अशी पद्धत नव्हती, दुरुस्तीनंतर साधने तपासण्याची पद्धत नव्हती, वगैरे. हे सारे खरे आहे. पण कार्यपद्धती म्हणजे शेवटी कोणीतरी आठवण ठेवायची, आणि माणूस विसरतो याचा उत्तम पुरावा याच अहवालात आहे. इंडियाना राज्यातील प्रादेशिक समन्वय केंद्रात, जाळ्याच्या एकूण स्थितीचा अंदाज काढणारी एक आज्ञावली दर पाच मिनिटांनी आपोआप चालत असे. त्या दिवशी दुपारी सव्वाबाराला तिचे उत्तर चुकू लागले, म्हणून तेथील तज्ज्ञाने तिचे आपोआप चालणे बंद करून दोष दुरुस्त केला आणि तो जेवायला गेला. पुन्हा चालू करायचे राहूनच गेले. हे लक्षात आले २.४० च्या सुमारास. ती आज्ञावली नीट काम करू लागली ४.०४ वाजता, साखळी कोसळण्यापूर्वी जेमतेम दोन मिनिटे! दर पाच मिनिटांनी येणारे उत्तर दोन तास आले नाही, तरी कोठलीही घंटा वाजली नाही. त्या तज्ज्ञाला दोष देऊन काय मिळणार? उत्तर न येणे हीच घटना मानून ओरडणारी यंत्रणा तेथे असायला हवी होती.

अशी यंत्रणा काही दुर्लभ नाही. रेल्वे इंजिनात चालकाने ठरावीक काळ काहीच हालचाल केली नाही, तर आधी इशारा मिळतो आणि तरीही प्रतिसाद आला नाही, तर ब्रेक लागतो. तेथे शांततेचा अर्थ 'ठीक आहे' असा लावत नाहीत. संगणकातही प्रोसेसने प्रत्येक काम पुरे झाल्यावर त्याची वेळ नोंदवावी आणि दुसऱ्या संगणकावरील पहारेकऱ्याने ती नोंद शिळी झाली की ओरडावे, ही युक्ती जुनी आहे. शिळी म्हणजे किती, हे विचारपूर्वक ठरवावे लागते. मर्यादा फार कमी ठेवली तर खोट्या इशाऱ्यांनी माणसे विटतात आणि खऱ्याकडेही पाहत नाहीत. फार जास्त ठेवली तर इशारा उशिरा येतो. त्याहून चांगली तपासणी म्हणजे अधूनमधून एक लुटुपुटीची घटना मुद्दाम आत सोडायची आणि तिचा गजर पलीकडे खरोखर वाजतो का ते पाहायचे. आणि इशारा यंत्र दुरुस्त करणाऱ्याकडे जायला हवाच, पण त्या यंत्रावर विसंबून बसलेल्यालाही तो पोचला पाहिजे. अ‍ॅक्रनमध्ये नेमके हेच झाले नाही.

अहवालातील ४६ शिफारशींत या साध्या रचनेला ठळक स्थान मिळालेले नाही. साधने सुधारावीत असे एक व्यापक कलम आहे. उलट ३२ ते ४४ या तेरा शिफारशी भौतिक आणि संगणकीय सुरक्षेच्या आहेत, जरी कोणी घातपाती या घटनेमागे असल्याचा पुरावा मिळाला नाही, असे चौकशी दलानेच नोंदवले आहे. त्या तेरांत संगणक-व्यवस्थापनाच्या पद्धतीही येतात, हे मान्य. तरीही बाहेरच्या चोराची भीती घरातल्या बंद पडलेल्या घंटेपेक्षा अधिक जागा खाऊन गेली, असे आम्हाला वाटते. २००१ च्या हल्ल्यांनंतरचा तो काळ होता, त्यामुळे याचे नवल नाही.

वरच्या वर्गांना हा अहवाल जरूर दाखवावा. सगळा नको, इंग्रजी जड आहे. २.१४ ते ४.०६ एवढाच भाग घ्यावा. फळ्यावर तीन रकाने आखावेत : जाळ्यात काय घडले, संगणकाने काय सांगितले, माणसांनी काय मानले. मधला रकाना बराच काळ रिकामा राहील. तो कोणत्या इशाऱ्याने आणि किती वाजता भरता आला असता, हे मुलांकडूनच काढून घ्यावे.