दख्खनचे थर आणि चुंबकाची साक्ष

सह्याद्रीतील काळ्या दगडाचे थर किती जुने, या प्रश्नाचे ठोक उत्तर आपण वर्गात देतो. ते कशावरून ठरले, हे मात्र सहसा सांगत नाही. व्हँसां कुर्तियो या फ्रेंच भूभौतिकशास्त्रज्ञाचे 'इव्होल्यूशनरी कॅटॅस्ट्रॉफीज' हे पुस्तक (मूळ फ्रेंच १९९५, इंग्रजी अनुवाद १९९९) ही उणीव भरून काढते. लेखक स्वतः या संशोधनात होता. त्याचा व सहकाऱ्यांचा मूळ निबंध १९८६ चा. त्यामुळे पुस्तकाला रंगत आली आहे. पण लेखक एका पक्षाचा वकीलही आहे, म्हणून त्याचा युक्तिवाद तपासूनच घ्यावा.

युक्तिवाद असा. लाव्हारस थिजून सुमारे ५८० अंश सेल्सियसच्या खाली थंड होऊ लागला, की त्यातील मॅग्नेटाइटचे कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतात. हे क्षेत्र अधूनमधून उलटते. अगदी अलीकडची उलथापालथ सुमारे पावणेआठ लाख वर्षांपूर्वीची. म्हणून प्रत्येक थर 'सुलट' किंवा 'उलट' असतो. दख्खनमध्ये सर्वांत खाली सुलट, मध्ये जाडजूड उलट आणि वर पुन्हा सुलट असा क्रम मिळतो. म्हणजे एवढा प्रचंड ढीग साचेपर्यंत क्षेत्र दोनदाच उलटले. अर्थात उद्रेक फार काळ चालले नाहीत.

येथे थांबून विचारले पाहिजे, की चुंबक वय सांगतो का? नाही. 'तेव्हा रात्र होती' एवढेच सांगणाऱ्या साक्षीदारासारखी त्याची साक्ष आहे. रात्री पुष्कळ असतात. कोणती, हे दुसऱ्याने सांगावे लागते. कुर्तियो यांचे श्रेय हे, की त्यांनी दुसरे दोन साक्षीदार उभे केले. किरणोत्सारी कालमापनाने वयाची ढोबळ मर्यादा मिळाली. थरांमधल्या गाळातील जीवाश्मांनी काळ क्रिटेशसच्या अखेरचा ठरवला. या चौकटीत बसणारा उलट कालखंड एकच उरला, तो '२९आर'. तिघांपैकी एकाचीही साक्ष एकटी पुरी पडली नसती. शोधाची ही रीत हा पुस्तकातील सर्वांत मोलाचा भाग आहे.

कच्चा दुवाही याच ठिकाणी आहे. लाव्हा सतत वाहत नव्हता. दोन प्रवाहांमध्ये तांबड्या मातीचा पट्टा दिसतो, तो मधल्या खंडाची खूण. अशा खंडात एखादा छोटा सुलट कालखंड नोंद न होताच निघून गेला असेल, तर दोन उलट कालखंड आपण एकच समजू. 'सापडले नाही' म्हणजे 'घडले नाही' असे नव्हे. शिवाय सह्याद्रीतील थर दक्षिणेकडे किंचित कललेले असल्यामुळे, सारख्या उंचीवरचे दगड सारख्या वयाचे धरता येत नाहीत. या शंकांचे बरेचसे निरसन चुंबकाने नव्हे, रसायनाने केले. १९८०च्या दशकात बेसाल्टच्या रासायनिक घडणीवरून नेरळ, भीमाशंकर, खंडाळा, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर असे गट पाडले गेले आणि दूरदूरच्या घाटांतील थर एकमेकांशी जुळवता आले. वरची उलट-सुलट सीमा महाबळेश्वर गटात पडते, हेही त्यामुळे नेमके सांगता येते.

पुस्तकानंतर काय टिकले? वय साडेसहावरून ६.६ कोटी वर्षांकडे सरकले. थरांचा क्रम आणि '२९आर'ची ओळख मात्र कायम राहिली. या कालखंडाची लांबी आज सुमारे ६ लाख वर्षे मानतात. पण डायनोसॉरांच्या नाशाआधी लाव्हा जास्त आला की नंतर, हा खरा वादाचा प्रश्न चुंबकाच्या आवाक्याबाहेरचा आहे, कारण तो क्षण '२९आर'च्या पोटातच येतो आणि तेथे सगळेच उलट. २०१९ मध्ये दोन गटांनी, एकाने झिर्कॉनमधील युरेनियम-शिसे व दुसऱ्याने आर्गॉन पद्धतीने, थरांची वये काढली. या प्रश्नावर दोघांची उत्तरे जुळली नाहीत. तेव्हा ज्वालामुखीनेच प्राणिसृष्टी बुडवली, हा लेखकाचा कल चुंबकीय पुराव्याच्या आधारे वाचकाने स्वीकारू नये. तो पुरावा दोन्ही घटना एकाच कालखंडातल्या आहेत एवढेच सांगतो. कार्यकारणभाव सांगत नाही.

शिक्षकांनी वर्गात एक गोष्ट जरूर सांगावी. दख्खनच्या 'उलट' थरांत चुंबकाचे उत्तर टोक दक्षिणेकडे आणि खाली झुकलेले असते. आजच्या भारतातही ते टोक खाली झुकते, म्हणून नुसता झुकाव पाहणारा विद्यार्थी हे थर सुलट ठरवील. उलगडा असा, की तेव्हा भारत दक्षिण गोलार्धात होता आणि तेथे सुलट क्षेत्रात उत्तर टोक वर उचललेले असते. एकाच दगडातून काळ आणि स्थळ दोन्ही वाचता येतात, ते असे.

पुस्तक वाचावेच. मात्र प्रत्येक पुराव्यापुढे पेन्सिलीने लिहीत जावे: याने काय सिद्ध झाले, आणि काय नाही.